‘असं त्यात लिहिलंय, की तू सांगतेस?’

शुभवर्तमानातल्या गोष्टी पहिल्या ख्रिस्ती लेखकांनी कशा सांगितल्या आणि त्या मराठीत कशा आल्या

समजा, तुमचे घर सध्या बख्शी का तालाबला आहे. लखनौहून सीतापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे हे गाव. जवळच हवाई दलाचा तळ. घरातल्या कुणाची तरी बदली झाली म्हणून तुम्ही तिकडे, आणि आजी मात्र नाशिकला. रात्री व्हिडिओ कॉल लागतो. नऊ वर्षांची नात शाळेत हिंदीत ऐकलेली गोष्ट आजीला मराठीत सांगते.

“आजी, एक माणूस सीतापूर रोडनं चालला होता. चोरांनी त्याला मारलं, सगळं लुटलं आणि कडेला टाकून दिलं. एक पुजारी आला, बघून पुढे गेला. मग देवळात काम करणारा एक आला, तोही गेला. मग असा एक माणूस आला, ज्याच्या लोकांशी तिथलं कुणी बोलतसुद्धा नव्हतं. त्यानं जखमा धुतल्या, त्याला ई-रिक्षात घालून लॉजवर नेलं, मालकाला हजार रुपये दिले आणि म्हणाला, जास्त लागले तर परत येताना देतो.”

आजी हसते आणि विचारते, “असं त्यात लिहिलंय, की तू सांगतेस?”

नात गोंधळते. गोष्ट तर बरोबरच आहे. लूकच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायातली ही चांगल्या शोमरोन्याची गोष्ट. पण तिथे रस्ता येरुशलेमहून यरीहोला जाणारा आहे, ई-रिक्षाच्या जागी जनावर आहे, लॉजच्या जागी उतारशाळा आहे आणि रुपयांच्या जागी दोन दिनार. दिनार म्हणजे त्या काळी एका दिवसाची मजुरी. म्हणजे हजार रुपयांचा हिशेब फारसा चुकलेला नाही. ई-रिक्षा मात्र नातीची.

मग नात खोटे बोलली का? हा प्रश्न वाटतो तितका लहान नाही. येशूच्या गोष्टी ज्यांनी पहिल्यांदा लिहून, सांगून, समजावून दिल्या, त्या लेखकांपुढे तो होता. पुढे त्या गोष्टी मराठीत आणणाऱ्यांपुढेही तोच होता. त्यांनी काढलेली उत्तरे एकसारखी नाहीत. पण ती पाहिली, तर कुणाचेही वचन सांगताना आणि ऐकताना काय तपासावे, हे तुम्हाला कळेल.

आकडे नव्हते, आठवण होती

आज आपण ‘लूक १०:३०’ म्हटले की फोनवर दोन सेकंदांत ती ओळ सापडते. सुरुवातीच्या लेखकांकडे ही सोय नव्हती. बायबलच्या अध्यायांची आजची विभागणी तेराव्या शतकातली. नव्या करारातल्या ओळींना आजचे क्रमांक दिले ते रोबेर एस्तिएन या फ्रेंच मुद्रकाने, १५५१ मध्ये. त्याआधी दीड हजार वर्षे माणसे शुभवर्तमाने वाचत आणि त्यांतले उतारे देत होती. पण जागा दाखवायला आकडा नव्हता. प्रती हाताने लिहिलेल्या, महाग आणि मोजक्या. त्यामुळे लेखक पुष्कळदा आठवणीतून लिहीत.

जस्टिनचे उदाहरण घ्या. हा मूळचा शोमरोन प्रांतातला, म्हणजे आपल्या गोष्टीतल्या भल्या माणसाच्या मुलखातला. तत्त्वज्ञान शिकत शिकत तो ख्रिस्ती झाला, रोममध्ये शिकवू लागला आणि सुमारे १६५ साली तिथेच त्याला मृत्युदंड झाला. इसवी सन १५०च्या सुमारास त्याने रोमच्या सम्राटाला उद्देशून ख्रिस्ती लोकांची बाजू मांडली. रविवारी लोक एकत्र जमतात तेव्हा ‘प्रेषितांच्या आठवणी’ वाचल्या जातात, असे तो सांगतो. शुभवर्तमानांना त्याने दिलेले हे नाव.

त्याच लेखनात शत्रूवर प्रेम करण्याविषयीची येशूची शिकवण त्याने दिली आहे. ती मत्तय आणि लूक या दोघांशी ताडून पाहा. काही शब्द एकाचे, काही दुसऱ्याचे, जोडणी जस्टिनची. अर्थ बदललेला नाही. पण त्याने दिलेले वाक्य जसेच्या तसे दोघांतल्या एकाही पुस्तकात सापडत नाही. नातीने आजीला गोष्ट सांगितली, तिचीही जात हीच.

चौघांची मिळून एक गोष्ट

जस्टिनचा एक शिष्य होता, टेशियन. त्याने पुढची पायरी गाठली. मत्तय, मार्क, लूक आणि योहान अशी चार पुस्तके. काही प्रसंग चौघांत, काही एकातच, क्रमही वेगवेगळा. ऐकणाऱ्याचा गोंधळ होणारच. सुमारे १७० साली टेशियनने चारही पुस्तके उसवून एकच सलग कथा विणली. तिचे नाव ‘दियातेस्सारोन’, म्हणजे ‘चौघांतून’.

सीरियाकडच्या मंडळ्यांत हे पुस्तक पिढ्यान्‌पिढ्या वाचले गेले. एफ्रेम या मोठ्या सिरियाक कवीने टीका लिहिली, ती या एकत्र कथेवरच. पण सलग कथा करताना काहीतरी गाळावे लागतेच. टेशियनने येशूच्या वंशावळ्या गाळल्या होत्या. पाचव्या शतकात थिओडोरेट या बिशपला आपल्या भागातल्या मंडळ्यांमध्ये या पुस्तकाच्या दोनशेहून अधिक प्रती मिळाल्या. त्याने त्या गोळा करून बाजूला ठेवल्या आणि त्यांच्या जागी चार वेगवेगळी शुभवर्तमाने दिली. लोकांनी हे पुस्तक सोपे म्हणून भाबडेपणाने वापरले, असे त्याचे म्हणणे.

लोकांना सलग गोष्ट आवडत होती आणि बिशपला मूळ पुस्तके हवी होती. तुम्ही कुणाची बाजू घ्याल? ठरवण्याआधी आणखी एकाचे ऐका.

राजा की कोल्हा?

आयरेनियस हा आजच्या तुर्कस्तानातल्या स्मुर्ना गावचा आणि पुढे फ्रान्समधल्या लियों शहराचा बिशप. सुमारे १८० साली त्याने एक मोठा ग्रंथ लिहिला. त्याच्या काळात काही गुरू शुभवर्तमानांतली वाक्ये घेऊन त्यांतून भलत्याच शिकवणी उभ्या करत होते. वाक्ये खोटी नव्हती, तरी निष्कर्ष खोटा होता. हे लोकांना कसे समजवायचे?

त्याने एक उदाहरण दिले. कुशल कारागिराने मौल्यवान खडे जडवून राजाचे सुंदर चित्र केले आहे. कुणीतरी ते खडे उचकटले, त्याच खड्यांचा एक कुत्रा किंवा कोल्हा जुळवला आणि म्हणाला, हेच ते राजाचे चित्र. खडे अस्सल, म्हणून पाहणारे फसले.

आपल्या बोलण्यातून एक उदाहरण पाहा. दुसऱ्याच्या डोळ्यातले कुसळ दिसते, स्वतःच्या डोळ्यातले मुसळ दिसत नाही, हे आपण रोज म्हणतो. मत्तयच्या सातव्या अध्यायात येशूच्या तोंडी हेच चित्र आहे. तिथे आधी दुसऱ्याला दोषी ठरवण्याविरुद्ध एक लहानसे वाक्य येते. तेवढेच उचलले, तर ‘कुणाला कधीच काही बोलू नका’ असा त्याचा अर्थ होतो आणि चूक करणाऱ्याला ती मोठी सोय होते. पण पुढे वाचा. आधी स्वतःच्या डोळ्यातले मुसळ काढ, म्हणजे भावाच्या डोळ्यातले कुसळ काढायला तुला नीट दिसेल, असा तो विचार पुरा होतो. म्हणजे भावाला मदत करायचीच आहे. फक्त सुरुवात स्वतःपासून. अर्धे वाक्य शब्दशः बरोबर असूनही त्याचा कोल्हा होतो, तो असा.

म्हणून आयरेनियसचा आग्रह होता की चारच शुभवर्तमाने, आणि चारही पूर्ण. दिशा चार, मुख्य वारे चार, तशी ही चार, अशी तुलनाही त्याने केली. आज ती तुलना आपल्याला पटो वा न पटो, तिच्यामागची काळजी समजते. एकच पुस्तक धरले किंवा पुस्तकाचा एकच तुकडा धरला, की खडे कसेही मांडता येतात.

एक गोष्ट, दोन वाटा

आता पुन्हा त्या शोमरोन्याकडे वळू. तिसऱ्या शतकातला ओरिजेन हा अलेक्झांड्रियाचा प्रचंड व्यासंगी लेखक. लूकवरच्या एका प्रवचनात त्याने आपल्याआधीच्या कुणा वडीलधाऱ्याने लावलेला अर्थ दिला आहे. वाटेत लुटला गेलेला माणूस म्हणजे आदाम. येरुशलेम म्हणजे स्वर्गीय बाग, यरीहो म्हणजे हे जग. चोर म्हणजे वैरी शक्ती. याजक म्हणजे नियमशास्त्र, लेवी म्हणजे संदेष्टे, आणि शोमरोनी म्हणजे स्वतः ख्रिस्त. उतारशाळा म्हणजे ख्रिस्तमंडळी आणि परत येण्याचे वचन म्हणजे ख्रिस्ताचे दुसरे येणे.

वाचताना मन थक्क होते. जीवाची सगळी यात्राच त्या एका रस्त्यावर उतरली आहे. भारूड ऐकणाऱ्या आपल्या माणसाला ही रीत परकी नाही. वरून विंचू, आतून कामक्रोध. पण धोका कुठे आहे, तेही पाहा. लूकमध्ये ही गोष्ट एका प्रश्नाचे उत्तर म्हणून येते. एक शास्त्री विचारतो, माझा शेजारी कोण? आणि गोष्ट संपल्यावर येशू त्याला तसेच वागायला सांगतो. फक्त रूपक सांगितले, तर रस्त्यावर पडलेला खराखुरा माणूस दिसेनासा होऊ शकतो. ओरिजेनला हे ठाऊक होते. म्हणून प्रवचनाच्या शेवटी त्याने ऐकणाऱ्यांना त्या शोमरोन्यासारखे होण्यास सांगितले.

चौथ्या शतकाच्या अखेरीस अंत्युखियात जॉन ख्रिसोस्तोम उपदेश करत होता. ख्रिसोस्तोम हे त्याला मिळालेले नाव. अर्थ ‘सोन्याच्या मुखाचा’. एकट्या मत्तयवर त्याची नव्वद प्रवचने आहेत. दाखल्यातल्या प्रत्येक शब्दाचा अर्थ लावत बसू नये, तो कशासाठी सांगितला ते पाहावे आणि ते घ्यावे, असे तो बजावतो. मत्तय समजावताना तो श्रोत्यांना सरळ चर्चच्या दारात नेतो: आत वेदीवर रेशमी वस्त्रे आणि बाहेर थंडीत कुडकुडणारा गरीब, मग तुम्ही ख्रिस्ताचा मान राखला असे कसे म्हणता?

दोघांच्या वाटा वेगळ्या. पण एक गोष्ट दोघांमध्ये समान होती. ऐकणाऱ्यांपुढे त्यांच्याच भाषेत, ग्रीकमध्ये, मूळ उतारा आधी वाचला जाई आणि मग अर्थ सांगितला जाई. आपल्या कीर्तनात अभंग आधी म्हटला जातो आणि मग निरूपण सुरू होते, तसेच. अभंग कुठे संपला आणि बुवांचे बोलणे कुठे सुरू झाले, हे श्रोत्याला कळते. ज्ञानेश्वरीतही गीतेचा श्लोक वेगळा आणि ओवी वेगळी. ओव्या तोंडी फिरत फिरत बदलल्या, तेव्हा शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, एकनाथांनी पाठ शुद्ध करायला घेतला. कारण मूळ काय आणि नंतर मिसळलेले काय, हे वेगळे राहणे त्यांना महत्त्वाचे वाटले.

मराठीत येशूची कथा आली, तेव्हा मात्र श्रोत्यांजवळ ही सोय नव्हती.

सासष्टीतले पुराण

एकनाथांनी ज्ञानेश्वरी हाती घेतली, त्याच्या पाच वर्षे आधी, २४ ऑक्टोबर १५७९ रोजी, एक इंग्रज जेझुइट गोव्याला उतरला. नाव थॉमस स्टीफन्स. पुढची चाळीस वर्षे, १६१९ मध्ये मृत्यू येईपर्यंत, तो गोव्यातच राहिला, मुख्यतः सासष्टीत. कोकणी शिकून त्याने तिचे व्याकरण लिहिले. मराठी शिकून त्याने ‘ख्रिस्तपुराण’ लिहिले. ते १६१६ मध्ये रायतूर, म्हणजे राशोल, येथे रोमन अक्षरांत छापले गेले, कारण देवनागरीचे खिळे नव्हते. मराठीतल्या सर्वांत जुन्या छापील पुस्तकांत त्याची गणना होते.

तो काळ सोपा नव्हता. पोर्तुगीज सत्तेखाली देवळे पाडली गेली होती, १५६० पासून धर्मन्यायालय चालू होते आणि नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांना त्यांची जुनी पुराणे वाचायला बंदी होती. या लोकांचे कान ओवीला सरावलेले. जुनी पुराणे काढून घेतलीत, तर तशी दुसरी आम्हाला द्या, ही त्यांची मागणी स्टीफन्सने ग्रंथाच्या सुरुवातीलाच मांडली आहे.

त्याने ती मागणी त्यांच्याच रीतीने पुरवली. सुमारे अकरा हजार ओव्या. दोन पुराणे: पहिल्यात सृष्टीपासून ख्रिस्ताची वाट पाहण्यापर्यंतची कथा, ३६ अध्यायांत, दुसऱ्यात ख्रिस्तचरित्र, ५९ अध्यायांत. अध्यायाला तो ‘अवस्वरु’ म्हणतो. सुरुवातीला नमन. पाद्री कथा सांगतो आणि श्रोत्यांतला कुणी मध्येच उठून शंका विचारतो, पुराणश्रवणाला शोभेल असेच. स्वर्गासाठी शब्द ‘वैकुंठ’. मराठीची थोरवी सांगताना खड्यांतले रत्न, फुलांतली मोगरी आणि परिमळांतली कस्तुरी आठवणारा हा परदेशी माणूस आजही शाळेच्या पुस्तकांतून भेटतो.

आता टेशियन आठवा. स्टीफन्सनेही चार शुभवर्तमानांची एक सलग कथा केली. आणि निरूपण कथेतच मिसळले. ऐकायला गोड, लक्षात राहायला सोपे. पण सासष्टीतल्या बाईने विचारले असते, “असं त्यात लिहिलंय, की तुम्ही सांगता?” तर उघडून दाखवायला मराठीत पुस्तकच नव्हते. मूळ होते पाद्र्यांच्या लॅटिनमध्ये. शंका विचारता येत होती, पण उत्तर ताडून पाहता येत नव्हते.

तरीही लोकांनी हे पुराण आपले मानले. १६४९ आणि १६५४ मध्ये ते पुन्हा छापले गेले. त्या जुन्या छापील प्रती आज उपलब्ध नाहीत; पुराण तगले ते हस्तलिखितांतून आणि लोकांच्या गळ्यातून. १६८४ मध्ये पोर्तुगीज सरकारने स्थानिक भाषेऐवजी पोर्तुगीज बोलण्याचे फर्मान काढले, त्यातूनही ते वाचले. १९०७ मध्ये जोसेफ सल्डाना यांनी मंगळूरहून ते रोमन लिपीत प्रसिद्ध केले, आणि १९५६ मध्ये शांताराम बंडेलू यांनी देवनागरीत आणले.

एकशे एकोणनव्वद वर्षे

मराठीत खुद्द शुभवर्तमान छापले गेले १८०५ मध्ये. बंगालमधल्या श्रीरामपूरला विल्यम केरी यांनी वैजनाथ पंडितांच्या मदतीने मत्तयचे शुभवर्तमान मराठीत केले. १६१६ पासून मोजा: १८९ वर्षे. मराठीत निरूपण आधी आले आणि मूळ पाठ त्यानंतर इतक्या वर्षांनी.

मूळ हातात आल्याने काय फरक पडतो, याचे एक उदाहरण उत्तर प्रदेशातलेच आहे. नीळकंठशास्त्री गोरे १८२५ साली झाशीजवळ एका चित्पावन घरात जन्मले आणि काशीत वाढले. मिशनऱ्यांचे म्हणणे खोडून काढायचे, या इराद्याने त्यांनी मत्तयचे शुभवर्तमान वाचायला घेतले. खंडन करणारा माणूस बारकाईनेच वाचतो. पाचव्या ते सातव्या अध्यायांतल्या डोंगरावरच्या प्रवचनाने त्यांना थांबवले. बराच काळ स्वतःशी झगडून १८४८ मध्ये जौनपूरला त्यांनी बाप्तिस्मा घेतला; पुढे ते नेहेम्या गोरे म्हणून ओळखले गेले. त्यांच्या निर्णयाशी कुणी सहमत असो वा नसो, एवढे खरे की पुस्तक त्यांच्या हातात होते. पटो न पटो, ओळ उघडून बघता येत होती.

केडगावच्या बायकांसाठी

नेहेम्या गोऱ्यांशी ज्यांचा वाद-संवाद झाला, त्यांत पंडिता रमाबाई होत्या. रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे. हे कुटुंब तीर्थोतीर्थी फिरून पुराणे वाचून दाखवी आणि त्यावर गुजराण करी. संस्कृत पोथी मोठ्याने वाचायची. लोक नमस्कार करणार, फुले आणि पैसे ठेवून जाणार. अर्थ समजला की नाही, हे कुणी विचारत नसे. स्वतः पुराणिक राहिलेल्या रमाबाईंनी पुढे ही आठवण लिहून ठेवली आहे.

म्हणूनच पुणे जिल्ह्यातल्या केडगावला मुक्तिसदनात दुष्काळातून वाचलेल्या मुली आणि विधवा जमल्या, तेव्हा रमाबाईंना एक गोष्ट खटकली. मराठीत बायबल होते, पण त्याची भाषा संस्कृत शब्दांनी जड. अक्षरओळख नुकती झालेल्या बाईने ते वाचले, तरी तिला पुन्हा कुणाकडे तरी अर्थ विचारावा लागणार. म्हणजे पोथी आणि पुराणिक हे नाते तसेच राहणार.

मग रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. पंधराहून अधिक वर्षे त्यांनी संपूर्ण बायबलचे साध्या मराठीत भाषांतर केले. छपाईही केडगावच्याच छापखान्यात. तिथल्या मुलींनी खिळे जुळवायचे काम शिकून घेतले. १९२१ मध्ये त्यांची एकुलती मुलगी मनोरमा गेली. रमाबाईंनी काम सोडले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे निधन झाले, तोवर भाषांतर पुरे झाले होते. १९२४ मध्ये ते संपूर्ण छापून बाहेर आले.

शब्दाला शब्द धरून चालण्याची किंमतही असते. ओवीचा गोडवा अशा भाषांतरात येत नाही. पण ज्या बाईला आजवर कुणीतरी वाचून दाखवत होते, ती आता ओळीवर बोट ठेवून स्वतः वाचू शकत होती. स्टीफन्सच्या श्रोत्यांना जे मिळाले नाही, ते हे.

आणि पुन्हा ओवी

मग गोष्ट सांगणे थांबले का? मुळीच नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी येशूचे चरित्र ओवीत लिहायला घेतले आणि नाव दिले ‘ख्रिस्तायन’. दहा-अकरा अध्याय झाले आणि १९१९ मध्ये टिळक गेले. लग्नानंतर जेमतेम लिहायला-वाचायला शिकलेल्या लक्ष्मीबाईंनी ते काम हाती घेतले आणि साठांहून अधिक अध्याय रचले. १९३६ मध्ये त्या गेल्या. शेवटचा अध्याय मुलगा देवदत्त यांनी लिहिला. एकूण ७६ अध्याय, एकाच घरातल्या तिघांचे.

स्टीफन्सचे पुराण आणि टिळकांचे ख्रिस्तायन, दोन्ही ओवीतच. पण दोहोंच्या मधल्या काळात मराठी शुभवर्तमान घरात येऊन बसले होते. ख्रिस्तायनाचा वाचक एका हातात ओवी आणि दुसऱ्या हातात मूळ असे धरून बसू शकत होता. कवीने काय भर घातली, हे त्याला दिसत होते, आणि ती भर म्हणूनच आवडतही होती.

फॉरवर्ड करण्याआधी

आता तुमचा फोन हातात घ्या. रोज सकाळी कुणाचे तरी वचन येते: कधी येशूचे, कधी तुकोबांचे, कधी बाबासाहेबांचे, कधी बुद्धाचे. पुढे पाठवण्याआधी या चार गोष्टी करून पाहा.

पहिली, जागा शोधा. कोणत्या पुस्तकात, कोणत्या अध्यायात? जस्टिनकडे आकडे नव्हते, आपल्याकडे आहेत.

दुसरी, मागची आणि पुढची पाच-सहा वाक्ये वाचा. राजाचा कोल्हा झालेला तिथेच पकडला जातो.

तिसरी, प्रश्न काय होता ते पाहा. पुष्कळ वचने कुणाच्या तरी प्रश्नाचे उत्तर असतात. प्रश्न गाळला की उत्तर कुठेही चिकटवता येते.

चौथी, तुम्ही स्वतः सांगत असाल, तर सांगा की हे मी माझ्या शब्दांत सांगतो. एवढ्या एका वाक्याने सांगणारा आणि ऐकणारा दोघेही मोकळे होतात.

हे घरात खेळासारखेही करता येते. एक गोष्ट निवडा. एकाने वाचायची, दुसऱ्याने पुस्तक मिटून सांगायची, तिसऱ्याने ऐकून आणखी एकाला सांगायची. मग पुस्तक उघडा. काय टिकले, काय गळले, काय नवे आले, याची यादी करा. लहान मुलांना हे फार आवडते, कारण मोठ्यांच्याही चुका निघतात.

आणि ती नात? दुसऱ्या दिवशी पुन्हा कॉल लागला, असे समजा. या वेळी तिच्या मांडीवर पुस्तक आहे, दहावा अध्याय उघडलेला. “आजी, ई-रिक्षा माझी होती. त्यात जनावर आहे. पण तो थांबला, जखमा बांधल्या, पैसे दिले, ते सगळं त्यात आहे. आणि कुणाशी बोलत नसत, ते त्या गोष्टीत लिहिलेलं नाही, ते आमच्या बाईंनी समजावलं.”

“बरं,” आजी म्हणते. “आता आधी वाच. मग तुझी ई-रिक्षावालीपण सांग. ती मला आवडली.”